थ्री फेज येईपर्यंत जोन बाएझ

या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाइनला, रात्रीची पाळी. लाइट बाराला येणार आणि पंप आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर जळालेला, म्हणून केळीला पाणी द्यायचं तर मळ्यातच झोपायचं. चोपडा तालुक्यात ही रड नवी नाही. खाटेवर पडून मी जोन बाएझ या अमेरिकन लोकगीत गायिकेचा पहिला अल्बम लावतो. हेडफोनचा एकच कान चालतो, पण या अल्बमला तेवढा पुरतो.

1960 सालचा, व्हॅनगार्ड कंपनीचा. बाई तेव्हा 19 वर्षांची. न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, म्हणजे आपल्याकडचं मंगल कार्यालयच म्हणा, चार रात्रीत काम उरकलं. बुधवारी तिथं बिंगो हा आकड्यांचा खेळ चालायचा, त्या रात्री रेकॉर्डिंग बंद! एकूण 13 गाणी. बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेली, आणि तिचं स्वतःचं एकही नाही. सोबतीला कुठंकुठं फ्रेड हेलरमनची दुसरी गिटार, बस.

आजीला जात्यावरचं गाणं म्हणायला लावलं की तीही आधी सांगते, “मन्हं नही, मन्ही मायनं शे.” माझं नाही, माझ्या आईचं आहे.

तिला एकदा ‘सिल्व्हर डॅगर’ ऐकवलं, अर्थ सांगत सांगत. आई शेजारी झोपलीय, उजव्या हातात चांदीचा सुरा. पोरगी दारातल्या पोराला परत पाठवतेय, कारण आईनं सांगून ठेवलंय की पुरुषाची जात खोटी. बापाकडं पाच मैल लांब साखळी, कडीकडीला एकेक काळीज लटकलेलं. आजी ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “मायनं खरं शे.” आजोबा ओसरीवरच बसले होते.

सगळंच जमलंय असं नाही. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ आयुष्याची माती झालेल्या बाईचं गाणं. तिथं हा आवाज फारच धुतलेला वाटतो. ‘मेरी हॅमिल्टन’ मात्र ऐकावं. राणीच्या चार दासी, चौघींचं नाव मेरी, त्यातली एक फाशी चढतेय, आणि ही ते जवळजवळ सहा मिनिटं एका पट्टीत सांगते. कुठं हुंदका नाही की गळा काढणं नाही. आजीही बुडून मेलेल्या भावाची ओवी अशीच म्हणते, पीठ ओढता ओढता.

काल त्याच गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, लाइट आली. मोबाइल उशाला टाकून स्टार्टरकडं पळालो.