म्युझियममधलं घर

आज लेकीला घेऊन लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डजवळच्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाऊसला (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं लोकांना खुलं असलेलं कोठार) गेलो, एंट्री फुकट म्हणून खरं तर. आत रॉबिन हूड गार्डन्सचा एक उचलून आणलेला तुकडा आहे, म्हणजे पाडलेल्या सरकारी कॉलनीचं अख्खं काँक्रीट दर्शन. लेक म्हणे, "बाबा, तुटलेलं घर का ठेवलंय इथे?" काय सांगणार!

अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन या नवरा-बायकोचं डिझाईन, 1972 ला पूर्ण झालं, 213 घरं. हवेतले रस्ते म्हणून रुंद गॅलऱ्या काढल्या, शेजारी भेटतील, पोरं खेळतील वगैरे. अहो आमच्या गिरगावच्या चाळीत हे कुणी न ठरवताच चालायचं, पापड वाळत घालण्यापासून भांडणापर्यंत सगळं गॅलरीतच. पण इथे लोक जिने, अंधार, चोऱ्यामाऱ्यांनी वैतागले, मेंटेनन्सची बोंब, आणि दुसरीकडे झाहा हदीद, रिचर्ड रॉजर्ससारखे आर्किटेक्ट पाडू नका म्हणून सह्या करत होते. संरक्षित वास्तूचा दर्जा काही मिळाला नाही, 2017 ला पश्चिमेकडची बिल्डिंग पाडायला घेतली आणि हा तुकडा 2018 ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय वास्तुकला प्रदर्शनात, मिरवून आला!

मला बिल्डिंग आवडली की नाही ते अजून ठरत नाहीये. काँक्रीट राखाडी, अंगावर येणारं. पण घर रिकामं करून गेलेल्यांपैकी कुणी इथे येऊन आपल्या खिडकीपुढे उभं राहिलं तर त्याला काय वाटत असेल, हेच परतताना डीएलआर ट्रेनमध्ये डोक्यात चालू होतं. लेक तोवर झोपली होती.