आधी काठ, मग पाणी

जुई ही घोडबंदर रोडवरच्या एका घरातली नऊ महिन्यांची लॅब्राडॉर. जमिनीवर डमी, म्हणजे फेकून कुत्र्याकडून परत आणवायची शिकवणीची गुंडाळी, हातातून सुटायच्या आत ती निघालेली असायची. पाण्यात मात्र कोपरापर्यंत जाऊन थांबायची, मान लांबवायची, कुईकुई करायची आणि डमी वाहत लांब गेली की मागे फिरायची. घरच्यांचं म्हणणं, तिला पाण्याची भीती आहे. मला ते पटत नव्हतं. पाण्यालाच भिणारं कुत्रं काठावरच अंग चोरतं, शेपूट पोटाखाली घेतं. जुईची शेपटी तर हलत होती. ती अडत होती ती नेमकी तळ सुटतो त्या जागी.

खोदून विचारल्यावर कारण समजलं. चार महिन्यांची असताना एका सहलीत कुणीतरी तिला तरणतलावात टाकलं होतं. लॅब्राडॉर आहे, आपोआप पोहेल, असा हिशेब. ती पोहलीही. पण तलावाच्या भिंती सरळ, टाइल्स गुळगुळीत. पंजांना पकड मिळेना, म्हणून कडेकडेने ती फिरत राहिली आणि शेवटी कुणीतरी तिला मानेला धरून वर ओढलं. पाय सुटले की बाहेर पडता येत नाही, हे तेव्हा तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार समुद्रात काम करायचे. बोटांमधला पडदा, पाणी आत न शिरू देणारा आतल्या केसांचा दाट थर, सुकाणूसारखी वापरता येणारी जाड शेपटी हे सगळं तिकडून आलं. यातून पोहायची सोय मिळते, पाण्याबद्दलचा भरवसा मिळत नाही. तो एकेका पिल्लाला वेगळा कमवावा लागतो. म्हणून ठरवलं, जुईला आत जायला शिकवायचंच नाही. आधी बाहेर यायला शिकवायचं.

जागा शोधण्यात बराच वेळ गेला. ठाणे तलावांचं शहर खरं, पण मासुंदा किंवा उपवन या कामाचे नाहीत. बांधीव कठडे, शेवाळलेल्या पायऱ्या, गळाचे हूक, वर माणसांची वर्दळ. खाडीचा तर प्रश्नच नाही. ओहोटीला गाळात कुत्रं पोटापर्यंत रुततं, खडकांवरच्या कालवांनी पंजे कापतात, आणि ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे मोकळं कुत्रं सोडणं चूकच. जुईच्या घरच्या काकांनी मुरबाडकडच्या नातेवाइकांचं शेततळं सुचवलं. मी स्पष्ट नकार दिला. अस्तराच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की उतारावरून माणसालाही वर येता येत नाही, कुत्र्याची नखं तर नुसती घसरतात. अशा तळ्यात कुत्री आणि माणसं दोन्ही बुडतात. जुईसारखीसाठी ते म्हणजे तोच तरणतलाव पुन्हा.

शेवटी टिटवाळ्याच्या पुढे एका शेतातलं जुनं मातीचं तळं मिळालं. एका बाजूला मुरमाचा सावकाश उतार आणि कोपऱ्यात तळ्याला येऊन मिळणारा ओहोळ, साधारण चार मीटर रुंद, मध्ये जेमतेम मीटरभर खोल. दिवस कार्तिकातले. पाऊस थांबून पाणी निवळलेलं होतं. पावसाळ्यात हे काम मी करतच नाही, कारण साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो, माणसालाही. जुईची लेप्टोची लस त्या वर्षीची झालेली आहे, हे कार्डावर बघूनच तारीख ठरवली. रात्रीचं जेवण नेहमीचं, सकाळचं नाही. भरल्या पोटी पोहणं-पळणं या जातींना धोक्याचं, पोट फुगून पीळ पडू शकतो.

सामान थोडंच लागतं, पण ते नेमकं हवं. डमी पांढरी, कॅनव्हासची, दोन इंच जाडीची आणि चपटीकडे झुकणारी. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, तांबडा-नारिंगी हिरव्यात हरवतो. दुकानात नारिंगी डमी आपल्याला उठून दिसते, कुत्र्याला नाही. पांढरी त्यालाही दिसते. पोहताना त्याचे डोळे पाण्याच्या जेमतेम वर असतात, एवढ्याशा लाटेआडही डमी लपते. जाड डमीने जबडा जास्त उघडा राहतो आणि पाणी पोटात जातं. समुद्रावर लोक नारळाचं सोडण फेकतात, त्याने हिरड्या सोलतात. टेनिस बॉल घशाशी अडकू शकतो. दगड तर कधीच नाही.

दुसरी गोष्ट दोरी. नायलॉनची दोरी पाण्यात बुडते आणि पायांत येते. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे बाजारातली ती हिरवी-निळी हलकी दोरी तरंगते. दहा मीटर पुरते. टोकाला फास नको, मध्ये गाठ नको, नाहीतर बुडालेल्या खुंटाला अडकते. ती गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला बांधायची. आणि दोरी ओढायला नसते. ओढलं की कुत्रं उलट्या दिशेला जोर लावतं, आणि आपण महिनाभर जमवलेलं एका झटक्यात जातं. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेटही घेतलं होतं, ते का ते पुढे येईल.

सातच्या सुमाराला सुरुवात केली, सूर्य पाठीमागे ठेवून. उन्हाची तिरीप डोळ्यांवर असेल तर कुत्र्याला डमी कुठे पडली तेच दिसत नाही. आधी जमिनीवर दोन फेका, फक्त तिचा नूर बघायला. मग जुईला घेऊन मी मुरमाच्या उतारावरून मांडीभर पाण्यात गेलो, तिच्या छातीला पाणी लागेल इतकं. तिचं तोंड काठाकडे वळवलं, डमी तोंडात दिली आणि काकांनी काठावरून एकदाच हाक मारली. ती चालत बाहेर गेली. शाबासकी, थोडं कौतुक, परत आत. दर वेळी अर्धं पाऊल खोल. तिचं काम एकच, डमी घेऊन काठावर जायचं. फेकणं नाही, आत जाणं नाही. शेवटच्या खेपेला मागचे पाय क्षणभर सुटले आणि पुन्हा टेकले, तिच्या लक्षातही आलं नाही. या जागी जमीन परत मिळते, हे तिच्या पायांना कळायला हवं होतं.

मग तिला झाडाखाली बांधलं आणि माझ्या जुन्या लॅब्राडॉरला, शेरूला, ओहोळापलीकडे डमी आणायला पाठवलं. एकदाच. नुसतं बघणाऱ्या कुत्र्याची चुळबुळ कसली आहे ते ओळखावं लागतं. दोरी ताणून पुढे झुकत असेल तर हौस, कान पाडून जांभया देत असेल तर ताण. जुई झुकत होती.

तिला मोकळं सोडलं आणि डमी टाकली, तळ सुटतो त्याच्या हातभर पुढे. त्याहून लांब नाही. डमीला बारीक दोरी बांधून तिचं टोक मी हातात ठेवलं होतं. जुई नेहमीच्या जागी गेली आणि थांबली. इथे घरच्यांकडून हमखास घात होतो. सगळे मागून ओरडतात, “जा, जा, जा!” कुत्रं वळून आवाजाकडे बघतं आणि डमी विसरतं. मी आधीच बजावलं होतं, कुणी तोंड उघडायचं नाही. काका अगदी पुटपुटलेसुद्धा नाहीत.

जुई कुईकुई करत मागे आली. पण काठावर बसली नाही. कडेकडेने चालत मुरमाच्या उतारावर आली, मघाशी जिथून बाहेर पडत होती बरोबर तिथे. या वेळी आम्ही कुणीच तिला ती वाट दाखवली नव्हती. पाण्यात दोन पावलं गेली, वळून काठाकडे पाहिलं, पुन्हा पुढे. मी दोरीने डमी चार बोटं सरकवली. एवढ्यात तिने अंग झोकलं.

पहिले दोन-तीन हात नुसती धडपड. पुढचे पंजे पाण्यावर आपटतात, डोळ्यांत पाणी उडतं, मागचं धड खाली लोंबतं. बरीचशी नवी कुत्री अशीच उभी पोहतात, कारण वर चढायला काहीतरी शोधत असतात. यासाठीच जॅकेट. मागचं धड ते वर उचलून धरतं आणि शरीर आडवं होतं. डमी तोंडात आली तशी जुईची मान खाली आली, पंजे पाण्याखाली गेले आणि ती सरळ उताराकडे पोहत आली.

मी पाण्याच्या कडेलाच, अंग तिरकं करून उकिडवा बसलो होतो. लांब उभं राहिलं की कुत्रं काठावर डमी टाकून अंग झटकतं, आणि ती सवय लागली की मोडता मोडत नाही. झटकण्याच्या आधी डमी हातात आली पाहिजे. पण हिसकायची नाही. तिला क्षणभर मिरवू दिली, छातीवर हात फिरवला, मग हनुवटीखाली हात धरून “सोड” म्हटलं.

त्यानंतर अजून दोनदा. दुसऱ्या खेपेला ती थांबलीच नाही, तिसऱ्याला दोरी हलवावी लागली नाही.

“सर, टाकू का परत?” काकांनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि जुई उड्या मारत होती.

“नको काका. आता मागतेय तोवरच थांबायचं.”

थांबवण्याचं कारण हौस टिकवणं एवढंच नाही. डमी धरून पोहताना पाणी पोटात जातंच. ते फार झालं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. उलटी, लाळ, तोल जाणं, शून्य नजर, पोट टम्म होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता व्हेटकडे. जुईला अर्धा तास सावलीत ठेवलं, लघवी करू दिली, मगच ओहोळावर नेलं. तिथे मी पलीकडे जाऊन डमी पलीकडच्या काठावर, कोरड्या जागी टाकली. डमी दिसते जमिनीवर, पाणी फक्त मध्ये येतं. जुई पोहत आली, डमी उचलून त्याच वाटेने काकांकडे गेली. इथे सकाळचं काम संपवलं.

घरी करायचं ते काकांना सांगितलं. साध्या पाण्याने अंग धुवायचं. कानांच्या पाळ्या उलटून आतला भाग कापसाने कोरडा करायचा, काडी आत घालायची नाही. काखेत हार्नेस घासला आहे का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी शेपूट मुळापासून लोंबकळली आणि बसताना ती कळवळली, तर मोडली असं समजून घाबरू नये. पोहून शेपटीचे स्नायू दुखावतात, व्हेटला दाखवून विश्रांती दिली की काही दिवसांत उतरतं. “बस, थांब” असली शिस्त पाण्याजवळ अजून लावायची नाही, ती जमिनीवरच चालू ठेवायची. पुढच्या खेपेला त्याच तळ्याच्या दुसऱ्या बाजूने सुरुवात, आणि तिथेही पहिल्यांदा छातीभर पाण्यात नेऊन काठाकडेच चालवत आणायचं. अंग आडवं ठेवून पोहायला लागली की जॅकेट काढायचं.