ताणल्यावर छापलेली रेघ तुटत नाही का?

रबाळे एमआयडीसीत आम्ही टीपीयूच्या, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या प्लास्टिकच्या, फिल्मवर सर्किट छापतो. हे ऐकलं की ओळखीतले लोक हमखास विचारतात, "अहो, ते ताणल्यावर तुटत नाही का?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

सलग धातूची पातळ रेघ खरंच तुटते. काही टक्के ताणली की तडकलीच. कोपर दुमडताना कातडी सुमारे ३० टक्के ताणली जाते, त्यामुळे अंगावर चिकटवायच्या पट्टीत सरळ तांबं टिकणं अवघड. म्हणून शाई वापरायची. तिच्यात काही मायक्रॉनचे चांदीचे पापुद्रे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रबरासारखं पॉलियुरेथेन. ओव्हनमध्ये द्रावक उडून जातो, थर आकसतो, पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि वीज वाहू लागते. ताण दिला की त्यातले काही जोड सुटतात, बाकीचे धरून राहतात. विजेला होणारा रोध वाढतो, पण वाट बंद होत नाही. सोडल्यावर तो बराच खाली येतो; पूर्ण मात्र येत नाही, आणि डिझाइन करणाऱ्याने हे आधीच धरून चालायला हवं. रेघ नागमोडी काढली तर शाईवर ताण आणखी कमी येतो.

चांदी वितळते ९६२ अंशांना. आमची फिल्म त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. त्यामुळे ओव्हन बेतानेच ठेवावा लागतो. छपाईआधी कोरी फिल्म एकदा ओव्हनमधून काढतो. आकसायची तेवढी तेव्हाच आकसते आणि पुढचा थर पहिल्यावर बरोबर बसतो. पावसाळ्यात हे जास्तच सांभाळावं लागतं, कारण टीपीयू हवेतलं पाणी ओढतं आणि लॅमिनेशनला, म्हणजे थर एकमेकांवर चिकटवताना, बुडबुडे येतात.

इंकजेटने रेघ बारीक येते, पण थर फार पातळ बसतो. ताणायच्या कामाला मला स्क्रीन (छपाईची जाळी) आणि स्क्वीजीच (जाळीतून शाई दाबून ओढायची रबरी पट्टी) बरी वाटते. गॅलियम-इंडियमचा मिश्रधातू तर १५-१६ अंशांच्या वर द्रवच राहतो, कितीही ताणा. तो सुंदर आहे, पण गळू न देता बंदिस्त ठेवणं कठीण, आणि अॅल्युमिनियमला लागला तर ते पोखरतो.

आमचा खरा जीव अडकतो तो मऊ रेघ कडक चिपला भेटते तिथे. सगळा ताण त्या कडेवर येतो. म्हणून चिपखाली जाडसर पट्टी देतो, तिच्या कडेला रेघ रुंद करतो. नमुना हातात आला की मी आधी तीच जागा वाकवून बघतो.