गेजवर चढलेलं ऑईल

इंजिन ऑईल खातंय, अशी तक्रार घेऊन गाड्या रोज येतात. ऑईल वाढतंय म्हणून कुणी येत नाही. हे बापलेकही त्यासाठी आले नव्हते. ते आले होते भांडण मिटवायला.

कोल्हापूरजवळ शिरोली फाट्याला, हायवेला लागून माझं गॅरेज आहे. जानेवारी संपत आलेला, साखर कारखाने भरात. कारखान्यावर ऊस खाली करून एक दहाचाकी थेट माझ्या दारात येऊन थांबली. कोरी गाडी, फाळक्याचा रंगसुद्धा अजून उडाला नव्हता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, त्यानंतरची ही गाडी. केबिनमधून ड्रायव्हर, अण्णा आणि त्यांचा पोरगा असे तिघे उतरले. अण्णांची पहिली गाडी मी उद्यमनगरात शिकाऊ होतो तेव्हापासूनच्या ओळखीची.

"मिस्त्री, हिचं ऑईल बदला," अण्णा म्हणाले. "नऊ हजार किलोमीटर झालं की ओ, अजून कंपनीचंच ऑईल हाय. जुन्या गाडीचं आम्ही हजाराला सोडलं होतं."

"पुस्तकात चाळीस हजार लिहिलंय," पोरगा म्हणाला. "उगंच पैसे घालवायचे आणि वर वॉरंटीची कटकट."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. जुन्या काळी हजाराला ऑईल सोडायचे ते काही भाबडेपणाने नाही. ब्लॉक ओतताना राहिलेली वाळू, मशिनिंगचा चुरा, लायनरवरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवरच्या, होनिंगनं पाडलेल्या रेघांची बारीक टोकं, असं सगळं पहिल्या हजारात घासून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरायचं. उद्यमनगरात मी बोरिंग-होनिंगच्या मशीनवर होतो. होनिंग झालेला ब्लॉक डिझेलनं कितीही धुतला आणि पांढऱ्या फडक्यानं पुसला, तरी फडकं करडंच निघायचं. म्हणून आजही माझ्याकडे इंजिन उतरून बांधलं, तर पहिलं ऑईल मी हजाराच्या आत सोडतो. गॅरेजात वाऱ्यानं धूळ येते, ते नाकारून चालत नाही.

पण कंपनीतून येणारं आजचं इंजिन वेगळं. होनिंगच्या रेघांची टोकं तिथंच मोडलेली असतात, धुलाई दाबाखाली होते, फिल्टरही बारीक. हजाराला ऑईल सोडायची गरज उरलेली नाही, हे पोरग्याचं म्हणणं खरं. दोघांच्या वादात चूक फक्त एवढीच होती, की दोघंही किलोमीटरच मोजत होते.

मी बोनेट न बघता आधी गाडी सपाटीला घ्यायला लावली, चहा मागवला. बंद केल्यावर ऑईल खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. चहा झाल्यावर ऑईलची पातळी बघायचा गेज काढला, पुसला, परत घातला, काढला. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर ऑईल.

"कुणी टॉप-अप केलं काय?"

"थेंब न्हाय घातला," ड्रायव्हरमामा म्हणाले. "उलट मी मालकांस्नी सांगितलं, गाडी ऑईल अजिबात खात न्हाय. वाढतंय जरा जरा."

अण्णा खूश होते त्यावर. नवी गाडी, दमदार इंजिन. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला. इंजिन ऑईल तयार करत नसतं. वाढलं म्हणजे दुसरं काहीतरी आत येतंय, आणि आत येण्यासारख्या गोष्टी दोनच, पाणी नाहीतर डिझेल.

रेडिएटरची टाकी बघितली, कूलंट खुणेवर. फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय नव्हती. गेजवरचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला, तडतडला नाही. म्हणजे पाणी नव्हे. मग टिपकागदावर एक थेंब सोडला. मधे काळा डाग आणि बाहेर फिकट, पिवळसर कडं पसरत गेलं. बोटावर चोळून नाकाशी नेलं, तर डिझेलचा वास. चांगलं पंधरा-डब्ल्यू-चाळीस ग्रेडचं ऑईल बोटांत ओढलं की त्याची तार धरते. हे पाण्यासारखं सुटत होतं.

आता डिझेल कुठून? इंजेक्टर गळत असेल, हाय-प्रेशर पंपाचं सील गेलं असेल, हे पहिले संशय. पण इंजिन सुरळीत चालत होतं, धूर नाही, पिकअप बरोबर. मी मामांना केबिनमध्ये बसवलं आणि रिजनचा दिवा कधी लागतो ते विचारलं.

१ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला आणि ट्रकच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. त्यात काजळी अडकते. ती साठली की गाडी आपणहून ती जाळते, त्यालाच रिजन म्हणतात. आत साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत उष्णता लागते. ती आणायला काही इंजिनांत एक्झॉस्टच्या पाइपात वेगळा इंजेक्टर असतो. काहींत सिलिंडरमध्येच उशिरा, पॉवर स्ट्रोक सरत आल्यावर, जादा डिझेल मारतात. ही गाडी दुसऱ्या जातीची. ते उशिराचं डिझेल सगळं बाहेर जात नाही. थोडं लायनरला लागतं, रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. गाडी हायवेला तासभर ओढून चालली तर ऑईल तापतं आणि त्यातलं डिझेल बरंचसं उडून जातं.

मामांनी सांगितलं ते ऐकून मी त्यांना नावं ठेवू शकलो नाही. "दिवा लागतो की. पर तवर मी कारखान्याच्या यार्डात शिरलेला असतो. खाली सगळं पाचट, वरून वाळलेला ऊस. सायलेन्सर लाल व्हायचा आणि ठिणगी पडली तर? म्हणून बटण दाबून रिजन बंद करतो." बटण त्याच कामासाठी दिलेलं आहे. पाचटावर उभ्या गाडीचं रिजन बंद करणारा ड्रायव्हर शहाणाच म्हणायचा.

पण रोज तेच. वारणेच्या पट्ट्यातल्या फडातून पाणंदीनं गाडी बाहेर काढायची, डांबरीला लागून जरा वेग धरला की रिजन सुरू व्हायचं, जादा डिझेल पडायला लागायचं, तोवर कारखाना आलाच. बटण दाबलं, रिजन अर्धं. काजळी तशीच, म्हणून पुढच्या खेपेला परत सुरू. प्रत्येक वेळी थोडं डिझेल खाली. त्यात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू. दुपारी एसी, रात्री मोबाइलचं चार्जिंग आणि दर थोड्या वेळानं गाडी वीस फूट पुढं. ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत पोचायला कधीकधी अख्खी रात्र. थंड, बिनओझ्याच्या इंजिनात डिझेल नीट जळतही नाही आणि ऑईलमधून उडूनही जात नाही.

मीटरवर तासांचा आकडा कुठं दिसतो ते मामांनाही ठाऊक नव्हतं. बटणं दाबून काढला. किलोमीटर ९,४००, इंजिनचे तास १,१००. पोरग्याला म्हटलं, भाग घाल. ताशी साडेआठ किलोमीटर. हेच इंजिन हायवेला ताशी चाळीसच्या सरासरीनं तेवढे तास फिरलं असतं, तर मीटरवर ४४,००० दिसले असते. पोरग्यानं मोबाइलवर पुस्तकाची पीडीएफ उघडली. चाळीस हजार किलोमीटर मोठ्या अक्षरात, आणि त्याच ओळीत पुढं, "किंवा १,००० तास, जे आधी होईल ते". तो दोनदा वाचत बसला. अण्णा जिंकल्यासारखे हसले, तर त्यांना म्हटलं, "अण्णा, तुमच्या हिशेबानं हजाराला सोडलं असतं तरी आज गेज असाच वर असता."

त्यांनी लगेच शेल्फवरच्या जुन्या ग्रेडच्या बादलीकडे बोट दाखवलं. हेच घाला, आमच्या बाकीच्या गाड्यांना हेच चालतं. ते या गाडीला चालत नाही. ऑईल जळून राख उरते. काजळी रिजनमध्ये जळते, राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये बसते ती बसतेच. म्हणून या गाड्यांना सीके-४ दर्जाचं ऑईल लागतं, त्यात सल्फेटेड राखेची मर्यादा एक टक्का आहे. शिवाय गाडी वॉरंटीत. ऑईल कुठलं घातलं, किती तासांना घातलं, हे कंपनीच्या रेकॉर्डवर लागलं पाहिजे. हे काम माझ्या गॅरेजात करायचंच नाही, असं मी सांगितलं. गिऱ्हाईक दारातून परत पाठवणं कुणाला आवडतं? पण उद्या क्रँकचं बेअरिंग धरलं, तर त्या बिलापुढं ही मजुरी काहीच नाही.

पोरग्यानं कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला. वर्कशॉपवाल्यांनी गाडी चालवत आणू नका, असं सांगितलं नाही, पण मीच म्हटलं, अशीच न्यायची नाही. चेंबर इतकं भरलं की क्रँक ऑईलमध्ये आपटून फेस होतो. फारच वर गेलं तर ब्रीदरच्या नळीवाटे हवेच्या इनटेकमध्ये ओढलं जातं आणि चावी काढली तरी इंजिन स्वतःच्या ऑईलवर पळत सुटतं. ड्रेन नट सैल करून पातळी वरच्या खुणेच्या खाली आणली, काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून सोबत दिलं आणि गाडीमागं मीही गेलो.

तिथं त्यांनी लॅपटॉप लावला. इंजेक्टरचे आकडे चारी बाजूंनी ठीक, इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या रेलचं प्रेशर ठीक. काजळी मात्र भरत आलेली, आणि अर्धवट सुटलेल्या रिजनची ही लांब यादी. सिमेंटच्या अंगणात गाडी उभी करून त्यांनी उभ्यानं रिजन पूर्ण करून घेतलं. ऑईल सोडलं ते त्यानंतर. आधी नवं भरलं असतं, तर रिजनचं डिझेल त्याच नव्या ऑईलात उतरलं असतं. कंपनीनं भरलं होतं १९ लिटर. माझ्या कॅनमधलं धरून निघालं साडेवीस. अण्णांनी ते दोनदा मोजायला लावलं.

ऑईल सोडताना मधल्या धारेतून मी एक बाटली भरून घेतली होती. ऑईल कंपनीच्या डीलरमार्फत ती लॅबला गेली. शंभर डिग्रीला चिकटपणा १०.८ आला. चाळीस ग्रेडच्या ऑईलला तो १२.५ च्या खाली जाता कामा नये. डिझेल सात टक्क्यांच्या आसपास. लोखंड चढलेलं, पण नव्या इंजिनात रिंगा-लायनर बसताना ते दिसणारच. सिलिकॉनचा आकडा बघून पोरगा घाबरला, फडातली धूळ आत गेली म्हणून. धूळ गेली असती तर सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही त्याच मापात वाढलं असतं. ते जागेवर होतं. हे सिलिकॉन गॅस्केटच्या पेस्टचं, नव्या इंजिनात पहिल्या ऑईलला उतरतं. शिसं कमी होतं, ते वाचून मला बरं वाटलं. बेअरिंगला अजून धक्का नव्हता.

हंगाम संपेपर्यंत काय करायचं ते ठरवलं. आठवड्यातून एकदा गाडी रिकामी असताना हायवेला कागलपर्यंत नेऊन आणायची, रिजन लागलं तर पुरं होऊ द्यायचं. यार्डात नंबर लांब असेल तर इंजिन बंद. सकाळी चालू करायच्या आधी गेज बघायचा आणि एक बोट जरी वर गेला तरी फोन करायचा. पुढचं ऑईल पाचशे तासांना. मामांनी दाराच्या आत खडूनं तास लिहून ठेवले.

त्या दिवशी वर्कशॉपमधून निघताना अण्णांनी हाउसिंगचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या पेटीचा, विषय काढलाच. "त्याचं तरी लवकर बदलायचं का न्हाय?" तिथं मी त्यांच्या बाजूनं. हाउसिंगला फिल्टर नसतो, क्राउन-पिनियनचे गिअर बसताना सुटलेला चुरा त्याच ऑईलात फिरत राहतो, ड्रेन नटचं लोहचुंबक धरेल तेवढाच. पोरग्यानं पुस्तक पुन्हा उघडलं, या खेपेला तासांची ओळ आधी शोधली, आणि वर्कशॉपच्या पोराला म्हणाला, "गाडी वर हाय तवर मागचा नट बी खोला."