आमची वाटचाल : गेलेली पार्टिशन परत आणताना

सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही दुकान टाकलं ते कॉम्प्युटर जोडून विकायला. विंडोज एक्सपीचा जमाना होता. मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट आणायचं, जुळणी करायची, विंडोज टाकायची, मराठी टायपिंगला आयएसएम नाहीतर श्रीलिपी बसवून द्यायची आणि बिघडलं की घरी जाऊन बघायचं. सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर असा फेरा असायचा. ‘विंडोज मारून द्या’ हे तर रोजचंच. मशीन हळू झालं तरी तेच, व्हायरस शिरला तरी तेच. मग अधूनमधून कुठून तरी एखादी हार्डडिस्क आमच्या टेबलावर यायची. कुणाकडून तरी विंडोज टाकून घेताना काम अर्धवट राहिलेलं असायचं आणि डी ड्राइव्ह दिसेनासा झालेला असायचा.

डेटा परत मिळवून द्यायचं काम आम्ही ठरवून घेतलं नाही, या डिस्कांच्या मागोमाग ते आलं. आज आमचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आणि ती प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला माहीत असावी असं मनापासून वाटतं. इन्स्टॉलेशन फसलं तरी डेटा बहुतेक वेळा डिस्कवरच असतो. तो जातो नंतरच्या धावपळीत.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे अवघ्या ५१२ बाइटच्या कप्प्यात, पार्टिशनची, म्हणजे सी, डी अशा डिस्कच्या विभागांची, नोंद असते. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडचे, शेवटचे दोन ओळखखुणेचे आणि मधले ६४ पार्टिशन टेबलचे. टेबलात चारच नोंदी, प्रत्येक १६ बाइटची. पार्टिशन कोणत्या प्रकारचं, कुठून सुरू होतं, किती मोठं आहे, एवढाच त्यातला मजकूर. सेटअपमध्ये ‘डिलीट’ दाबलं की ही नोंद पुसली जाते. आतल्या फायलींना तेव्हा कुणी हात लावलेला नसतो. गिऱ्हाइकाला मी हे सातबाऱ्यावरून समजावतो. दप्तरातून उतारा गहाळ झाला म्हणून शेत नाहीसं होत नाही, आणि बांधावरचे दगड जागेवर असतील तर हद्द पुन्हा मोजता येते. पार्टिशनच्या हद्दीचा दगड म्हणजे त्याचा पहिला सेक्टर, त्याला बूट सेक्टर म्हणतात. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फायली मांडायच्या पद्धतीत, त्याची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्येही ठेवलेली असते, त्यामुळे सुरुवातीचा खराब झाला तरी शेवटचा कामाला येतो.

हे दगड शोधायला आम्ही सुरुवातीपासून टेस्टडिस्क वापरत आलो. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम मोफत आणि मुक्त आहे. दिसायला काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, माउसचा उपयोग नाही, म्हणून पुष्कळ जण त्याच्या वाटेला जात नाहीत. पण डिस्क सेक्टरमागून सेक्टर वाचून तो जुनी पार्टिशन समोर मांडतो आणि नवं टेबल लिहिण्याआधी आतल्या फायलींची यादी दाखवतो. यादीतली नावं ओळखीची निघाली तरच पुढे जायचं, हा आमच्याकडचा नियम आहे. नवीन आलेल्या मुलाला ‘राइट’, म्हणजे नवं टेबल लिहायचा आदेश, केव्हा द्यायचा नाही, हे आधी शिकवतो.

आकडे वाचायची सवयही या कामानेच लावली. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायची. तिच्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ते २०४८ व्या सेक्टरवर गेलं, म्हणजे बरोबर एक एमबी सोडून. एकाच डिस्कवर ६३ आणि २०४८ अशा दोन्ही ठिकाणी सुरुवात सापडली, की जुनी एक्सपी होती आणि तिच्यावर विंडोज सेव्हन टाकायला घेतली, हे मालकाने न सांगताही कळतं. मालकाला पुष्कळदा ते माहीतही नसतं, कारण काम दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, डी ड्राइव्ह मिळाला, मग डेस्कटॉप का नाही मिळत? त्याला कारण आहे. एनटीएफएस पार्टिशनमधल्या सगळ्या फायलींची नावं, तारखा आणि ठिकाणं एका मोठ्या तक्त्यात असतात, त्याला एमएफटी म्हणतात. विंडोज फॉरमॅट करते तेव्हा हा तक्ता बहुतेक वेळा पार्टिशनच्या सुरुवातीपासून तीन जीबी अंतरावर ठेवते. आता समजा, सेटअपमध्ये सगळी पार्टिशन उडवून अख्ख्या डिस्कचं एकच केलं. नवा सी डिस्कच्या सुरुवातीलाच बसतो, जुना सीही तिथेच होता. म्हणजे नवा तक्ता जवळजवळ जुन्याच्या जागेवर लिहिला जातो, आणि त्यानंतर विंडोजच्या स्वतःच्या फायली त्याच भागात येऊन पडतात. डी मात्र शंभर जीबी पुढे सुरू झालेला असतो. त्याचा तक्ता त्याच्या सुरुवातीपासून तीन जीबीवर, नव्या विंडोजपासून खूप लांब. नव्या विंडोजची कॉपी अर्ध्यात थांबली असेल तर तिथवर काहीच पोचलेलं नसतं. म्हणून डी अख्खा मिळतो आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं लग्नाचं फोल्डर तुकड्यांत मिळतं.

तक्ता हातात असण्याला व्यापाऱ्याच्या लेखी फार किंमत आहे. तक्ता नसेल तर फायलींच्या आतल्या खुणांवरून त्या उचलता येतात. जेपीईजी फोटो ठरावीक बाइटांनी सुरू होतो, त्यावरून तो सापडतो. टेस्टडिस्कसोबत येणारा फोटोरेक हेच करतो. पण अशा फायलींना नाव राहत नाही, फोल्डर राहत नाही, आणि फाइल डिस्कवर तुकड्यांत पसरलेली असेल तर ती उघडतही नाही. फोटोंचं यात बरंच भागतं. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं भागत नाही. टॅली एका कंपनीचा डेटा पाच आकडी नावाच्या फोल्डरमध्ये अनेक फायलींत ठेवते. त्या फायली बिननावाच्या ढिगात मिळाल्या तर कुठली कुणाची हे लावता लावता माणूस थकतो. फोल्डर जसंच्या तसं हवं.

तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं काम या संदर्भात सांगण्यासारखं आहे. सौदे सुरू होते आणि पुतण्याने मशीनवर सेव्हन टाकायला घेतली. पार्टिशन सगळी काढली, एकच मोठं केलं आणि फायली कॉपी होताना मध्येच सेटअप एरर देऊन थांबला, कारण डिस्कवर बॅड, म्हणजे वाचता न येणारे, सेक्टर होते. त्यांचा फोन आला. “दादा, पाच वर्षांची खाती हाईत त्यात. पोरगं म्हणतंय परत एकदा टाकून बघतो.” मी म्हटलं, “अण्णा, आता काही टाकू नका. मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि डिस्क घेऊन तसेच या.” ते आले. आम्ही आधी डिस्कची प्रत काढली, प्रतीवर डी शोधला आणि टॅलीचं फोल्डर सुटं करून दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवलं. त्यांनी खुर्चीत बसून तीन-चार खात्यांची बाकी तोंडपाठ आकड्यांशी ताडून बघितली, तेव्हा कुठे चहा घेतला. पुतण्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सेटअप चालवला असता, तर आजारी डिस्कने आणखी किती दम धरला असता सांगता येत नाही.

आधी प्रत काढायची, हा आमच्या कामाचा कणा आहे. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरतो. त्याची रीत मला फार आवडते. चांगला भाग तो आधी पटापट वाचून घेतो, अडणारी जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी तिच्याकडे वळतो. कुठवर वाचलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतो. भारनियमनाच्या वर्षांत या मॅप फाइलने आम्हाला तारलं. लाइट गेली, इन्व्हर्टरही संपला, तरी काम पहिल्यापासून करावं लागत नसे, जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू व्हायचं. चांगली एक टीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबीने वाचली गेली तर सुमारे तीन तास लागतात, आजारी असेल तर दिवसही जातात. गिऱ्हाईक घाई करतं, ते साहजिक आहे. तरीही मूळ डिस्कवर आम्ही एक अक्षर लिहीत नाही. सगळे प्रयोग प्रतीवर. चुकलं तर दुसरी प्रत आहे.

विंडोज आठ आल्यापासून लॅपटॉपवर जीपीटी हे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल आलं आणि कामाचं रूप बदललं. इथे टेबल दोन ठिकाणी असतं, डिस्कच्या सुरुवातीला आणि अगदी शेवटी. ही सोय उत्तम आहे, पण तिच्यावर पाणी पाडणारी एक कमांड पोरांच्या तोंडी बसली. सेव्हनचा पेनड्राइव्ह लावला की सेटअप सांगतो, डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज बसणार नाही. मग कुणीतरी विंडोजमधला डिस्कपार्ट हा प्रोग्रॅम उघडून ‘क्लीन’ मारायला सांगतं. ‘क्लीन’ डिस्कचा पहिला आणि शेवटचा एक एमबी शून्य करते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही प्रती एका फटक्यात जातात. तरीही पार्टिशनचे बूट सेक्टर मागे राहतात, आणि तेवढ्यावर आम्ही अनेकांचे डी परत उभे केले. ‘क्लीन ऑल’ मारलं असेल तर मात्र प्रत्येक सेक्टर शून्य होतो, तिथे काही करता येत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं विंडोजऐवजी उबुंटू टाकताना ‘इरेझ डिस्क’ निवडून येतात, त्यांचाही एक हंगाम असतो. त्यांच्याकडून आम्ही कमी पैसे घेतो आणि बसवून सगळी पद्धत दाखवतो. त्यातले दोघं पुढे आमच्याच टेबलावर काम करू लागले.

एसएसडीबद्दल, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या नव्या ड्राइव्हबद्दल, मी कुणालाही खोटी आशा लावत नाही. विंडोजने एसएसडी फॉरमॅट केली की ती ड्राइव्हला ट्रिमचा आदेश पाठवते, की या जागा आता मोकळ्या आहेत. त्यानंतर त्या जागा वाचल्या तर बहुतेक ड्राइव्ह शून्यच परत देतात. हद्दीचा पत्ता लागला तरी आत काही नसतं. नुसतं टेबल गेलं असेल आणि फॉरमॅट झालेलं नसेल तर संधी असते, म्हणून बघतो जरूर. त्यात भर बिटलॉकरची, म्हणजे डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. पार्टिशन सापडलं तरी ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर कुलूप उघडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हापासून ११ टाकायला घेतलेली मशीन वाढली आहेत. आमच्याकडे येणारं प्रत्येक मशीन उघडण्याआधी आम्ही की मागून घेतो आणि ती कागदावर लिहून मालकाच्याच हातात देतो.

महापुराबद्दल थोडं सांगायलाच हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर गाळ भरलेल्या डिस्का पिशव्यांतून आल्या. हे पार्टिशनचं काम नव्हे. अशी डिस्क उन्हात वाळवायची नाही, चालू तर मुळीच करायची नाही, क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या लॅबलाच पाठवायची. आम्ही तेच केलं आणि त्या कामात एक रुपयाही ठेवून घेतला नाही. पण त्या आठवड्यांत एक गोष्ट फार लागली. पुष्कळांकडे बॅकप होता आणि तो त्याच टेबलाच्या खालच्या खणात होता. त्यानंतर आमच्याकडे दुसरं काम सुरू झालं, ते आजही वाढतंय. व्यापारी, डॉक्टर, डीटीपीवाले यांच्या डेटाची रोजची एक प्रत दुकानाबाहेर जाईल अशी व्यवस्था बसवून द्यायची. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल उघडून दाखवायची, कारण न उघडलेला बॅकप धरायचा कसा? २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी शिरलं तेव्हा यातल्या काही जणांनी दुसऱ्या ठिकाणी बसून बिलं काढली.

पैशांबाबत आमची पद्धत पहिल्यापासून एकच आहे. तपासणीचे पैसे नाहीत. फायलींची यादी आणि त्यातल्या गिऱ्हाईक म्हणेल त्या फायली उघडून दाखवतो, त्या पटल्या तरच पैसे. नाही मिळालं तर डिस्क आली तशी परत. सौ. रजिस्टरला डिस्कचा सिरियल नंबर लिहून घेते आणि परत देताना तोच ताडून बघते. काढलेली प्रत पंधरा दिवस ठेवतो, मग गिऱ्हाइकाला विचारून पुसतो, कारण त्यात त्यांच्या घरचे फोटो असतात, रुग्णांच्या नोंदी असतात, पॅन कार्डं असतात.

तुमच्याकडे असं झालं असेल तर डिस्क आणताना एवढं करा. सेटअप जिथे थांबला तिथेच मशीन बंद करा. ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विंडोज विचारेल, त्याला नाही म्हणा, आणि चेकडिस्क ही विंडोजची डिस्क दुरुस्ती चालवू देऊ नका. कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका. आधी किती ड्राइव्ह होते, साधारण किती जीबीचे, आणि सगळ्यात आधी कुठलं फोल्डर हवं आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून आणा. लॅपटॉप नवा असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल लक्षात ठेवून या. दुकान रविवारी बंद असतं, पण सोमवारपर्यंत डिस्क बंद राहिली तर तिचं काही बिघडत नाही.