चारशेसातच्या पाठीवर घर

रविवार, पालख्या पुण्यातून निघाल्या

सकाळीच हडपसरला जाऊन उभी राहिले. माउलींची पालखी इथून दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेला लागते. दर्शन झालं, आणि मग बराच वेळ मी दिंड्यांचे ट्रक बघत होते. तंबू, सतरंज्या, पातेली, शिधा, गॅसच्या टाक्या, पाण्याची पिंपं. माणसं आठवडेच्या आठवडे वाटेवर असतात आणि त्यांचं सगळं घर या ट्रकांत असतं. दिंडी पायी चालते, ट्रक पुढच्या मुक्कामी जाऊन चूल मांडून ठेवतो. परदेशातल्या कॅम्परचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले, त्यांतून शिकलेही. पण विजेच्या खांबाशिवाय, नळाशिवाय चाकांवर कसं राहायचं याचं शहाणपण आपल्याकडे दिंडीच्या ट्रकात आहे, आणि मला तेच जास्त उपयोगी पडतंय.

दादाची चारशेसात, म्हणजे टाटाचा ४०७ हा छोटा ट्रक, अनेक वर्षं दिंडीबरोबर गेली. एरवी चाकणच्या बाजारातला कांदा-बटाटा मार्केट यार्डात आणायचा, हे तिचं काम. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं, आपल्या पिंपरीच्या कारखान्यातलं. माहेरच्या अंगणात उभी राहिलेली पहिली गाडी हीच. दादाने आता मोठी गाडी घेतली आणि ही मला दिली, तिच्या पाठीवर राहायचं घर बांधायला, एका अटीवर. "शोभेची करू नकोस तिला. ती कामाची आहे, तिला काम दे."

भरणीचा नियमही त्याचाच : शेवटी लागणारं आधी भरायचं. मुक्कामाला पोचल्यावर पहिल्यांदा पाणी लागतं, मग चूल. म्हणून ती फाळक्यापाशी. अंथरुणं सगळ्यात शेवटी, म्हणून ती केबिनकडे. माझ्या दहा बाय सहा फुटांच्या आराखड्यात आज हेच ठरवून टाकलं. ओटा मागच्या दाराशी, पलंग केबिनच्या बाजूला. दार उघडलं की अर्धं स्वयंपाकघर अंगणात.

बुधवार, भोसरी

आजचा दिवस चासीचा. यावर मला सविस्तर लिहून ठेवायचं आहे, कारण घर टिकणार की नाही ते इथेच ठरतं.

मामांच्या शेडमध्ये (फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींना मी मामाच म्हणते) जुना हौदा उतरवायच्या आधी आम्ही एक गोष्ट करून पाहिली. पुढचं डावं चाक जाड लाकडी ठोकळ्यावर चढवलं आणि केबिन व हौदा यांच्यातली फट बघितली. वरच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, सरळ डोळ्यांना दिसेल असा फरक. केबिन एकीकडे कलली होती, हौदा अजून आपल्या जागी होता. मधली चासी पिळली होती.

हा दोष नव्हे. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब सी चॅनेल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडीसारखी रचना. सी चॅनेल एका बाजूने उघडा असतो. वाकायला तो चिवट विरोध करतो, पिळायला मात्र तयार असतो. बंद चौकोनी पाइप तसा पिळत नाही. ट्रक बनवणाऱ्यांना हा पीळ हवाच असतो. खड्ड्यात एक चाक उतरलं की बाकीची तीन जमिनीला धरून राहतात, ती पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि चासी या दोन्हींमुळे.

दादा तिथेच उभा होता. म्हणाला, "म्हणून तर लाकडी हौदा टिकतो. नट-बोल्टांचा असतो, फळ्या सरकतात, कुरकुरतात, पण मोडत नाहीत. तुझी पेटी पफची, म्हणजे कडक फोमच्या तक्त्यांची, चिकटवलेली. तिला कुरकुरता येणार नाही. ती तडकेल."

यापेक्षा नेमकं मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. घर म्हणजे न हलणारी पेटी, आणि गाडी म्हणजे सतत हलणारा पाया. पेटी चासीला चारही कोपऱ्यांत आवळून बांधली, तर पहिल्याच घाटात दाराची चौकट तिरकी होते, खिडकीचा सील सुटतो, पावसाचं पाणी आत शिरायला वाट मिळते.

आम्ही ठरवलं ते असं. पेटीखाली तिची स्वतंत्र लोखंडी चौकट. मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास ही चौकट चासीला पक्की. केबिनकडच्या टोकाला मात्र बोल्टांवर जाड स्प्रिंगा, म्हणजे चासी पिळली की तिथे चौकट जराशी उचलली जाईल आणि परत बसेल. पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून प्लेटा. आणि मामांना मी पुन्हा पुन्हा सांगितलं की चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग नाही, भोक नाही. सगळा ताण त्याच पट्ट्यांवर येतो. लोखंड तापवलं किंवा कापलं की चीर तिथूनच सुरू होते. मामा हसले. "ताई, चासीला हात लावायचा नाही हे आम्हाला आमच्या वस्तादांनी शिकवलंय." ऐकून जीव भांड्यात पडला. आहेत तीच भोकं वापरायची, बोल्ट उभ्या भागात.

पाट्यांचं नंतर बघू. रिकामी चारशेसात दणके देते आणि भरलेली लोण्यासारखी चालते, हे दादाचं मत, आणि ते खरंच आहे : पाटे भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बांधलेले असतात. घर अर्ध्या मालाइतकंही जड होणार नाही, तेव्हा पेटी बसून तोल कळल्यावरच एखादा पाटा काढायचा का ते ठरेल.

शनिवार, पाऊस

दिवसभर ऊन नाही. विजेचा हिशेब मांडायला याहून चांगला दिवस कुठला. उन्हाळ्यातल्या उन्हावर केलेला हिशेब आषाढात अंधारात बसवतो.

टपावर ५५० वॅटचं एक पॅनेल. सव्वादोन मीटरहून थोडं लांब, सव्वा मीटरहून थोडं कमी रुंद, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. हवेच्या झडपेला जागा उरते. पुण्याच्या कोरड्या दिवसांत पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि उष्णता, धूळ, तारा यांतलं नुकसान वजा केलं, तर दिवसाला दोन युनिट हातात येतात. आजच्यासारख्या दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचीही खात्री नाही.

आता खर्च. छोटा डीसी फ्रिज दिवसाला अर्धं युनिट. बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आत, रात्रभर चालला तर पाव युनिट. दिवे, पंप, मोबाइल, लॅपटॉप मिळून आणखी पाव. म्हणजे एक युनिट. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अ‍ॅम्पिअर-अवर : अडीच युनिटांपेक्षा किंचित जास्त, त्यातली दोन वापरायची. दोन काळे दिवस निघतात. तिसऱ्या दिवशी गाडी हलवायची. गाडीच्या आल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या) विजेवर घरची बॅटरी भरणारा ३० अ‍ॅम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर दीड तासाच्या प्रवासात अर्ध्या युनिटाहून जास्त भरतो. हा चार्जर मधे हवाच. लिथियम बॅटरी भुकेली असली की थेट आल्टरनेटरवर तुटून पडते आणि त्याला जाळू शकते.

इंडक्शन शेगडी मी यादीतून काढली. दोन हजार वॅट बारा व्होल्टवर ओढायचे म्हणजे दीडशे अ‍ॅम्पिअरच्या वर करंट, अंगठ्याएवढ्या केबली, आणि ढगाळ दिवशी एक वेळच्या भातासाठी सकाळपासून जमवलेली वीज संपणार. पाच किलोची गॅसची टाकी पुरे. ती वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वर जाळी ठेवून काही उपयोग नाही.

पाणी शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. दोन माणसांना काटकसरीने चार-पाच दिवस. टाकी खाली, दोन अ‍ॅक्सलच्या मधे, आत आडव्या पत्र्यांनी भागलेली. नाहीतर वळणावर पाणी एका बाजूला धावतं.

मे महिन्यातल्या दुपारी लोखंडी पेटीत बसवत नाही, हे दादा सांगतोच. चाळीस मिलिमीटरचा पफ, आणि पॅनेल टपापासून तीन इंच वर, म्हणजे खालून वारा वाहील आणि टपाला सावलीही मिळेल.

सोमवार, कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. त्यामुळे आधी पेटी बांधून मग परवानगी बघू, हा मार्ग मला मान्य नाही, कितीही जणांनी सुचवला तरी. उद्या अपघात झाला आणि विमा नाकारला गेला, तर भोगणारा रस्त्यावरचा दुसरा कुणीतरी असेल.

मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायच्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याची चाचणी करू शकणारी संस्था, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६), आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गाड्यांच्या यादीत येते, म्हणजे पिवळी पाटी जाऊन पांढरी यायला वाव आहे. परवान्याची चिंता २०२४ च्या नोव्हेंबरात मिटली : साडेसात हजार किलोपर्यंतची वाहतुकीची गाडीही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निकाल घटनापीठाने दिला. चारशेसात त्याच्या बरीच आत बसते.

फाइलमध्ये आता मोजमापांचे नकाशे, चौकटीचा आराखडा आणि वजनांचा तक्ता हवा. तक्ता लिहिताना एक कळलं : अठरा मिलिमीटरच्या प्लायचा आठ बाय चारचा एक ताव तीस किलोच्या वर जातो, बाराचा त्याच्या दोन तृतीयांश. कपाटं सगळी बाराची, पलंगाखालचा आधार फक्त अठराचा.

गुरुवारी नुसती चासी आणि केबिन घेऊन चाकणच्या वजनकाट्यावर जायचं ठरलंय. पुढची चाकं वेगळी तोलायची, मागची वेगळी, पावत्या फाइलला लावायच्या. मागे बेरीज जास्त येते आहे असं दिसलं, तर पाण्याची टाकी आणखी केबिनकडे सरकवू आणि बॅटरी टाकीच्या पुढच्या बाजूला घेऊ. दादा येणार आहे. मामांना सांगून ठेवलंय की पावत्या हातात येईपर्यंत चौकटीचं लोखंड कापू नका.