जुव्याचा कोट : भरतीचं गणित जुळलं

मंडळी, जुन्या गोव्यासमोरच्या जुवे बेटावरचं, म्हणजे सांतु इस्तेव्हांवच्या कोटावरचं काम बरेच दिवस रखडलं होतं. अवशेषांची मोजणी जेमतेम झाली आहे, तिच्यात फारसं सांगण्यासारखं नाही. टेकडीवर जांभ्याच्या भिंतीचे तुकडे, त्यांच्यावर माजलेलं रान, आणि हल्लीच्या काळातला येशूचा पुतळा. तिथून मांडवीचे फाटे मात्र झकास दिसतात. सुटलं ते दुसरंच कोडं : 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री पाणी कुठे होतं?

नव्यांसाठी थोडक्यात. पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) फ्रान्सिश्कु द ताव्होरा, कोंद दि आल्व्होर, याने त्याच नोव्हेंबरात मराठ्यांच्या फोंडा किल्ल्याला वेढा घातला होता. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. संभाजीराजे मदतीला आले आणि विजरईला वेढा उठवून परतावं लागलं. त्यानंतर काही दिवसांतच मराठ्यांनी थेट राजधानीच्या दारातला हा कोट घेतला. पोर्तुगीज कागदांप्रमाणे रात्री दहाच्या सुमाराला, ओहोटी साधून, चाळीसेक माणसं भिंतीवर चढली आणि पहारेकरी कापले गेले. गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, घंटा घणघणल्या. सकाळी विजरई स्वतः चारएकशे माणसं घेऊन बेटावर उतरला, मराठ्यांच्या घोडदळाने त्याची दाणादाण उडवली, त्याच्या हाताला गोळी लागली आणि तो कसाबसा होडीत बसून निसटला.

आता ‘ओहोटी साधून’ हे शब्द. ते आपण सगळेच वाचतो आणि पुढे जातो. म्हटलं, तपासून बघू.

पहिली गोष्ट तारखेची. पोर्तुगीजांनी 1582 लाच नवी दिनगणना घेतली, इंग्रजांनी 1752 पर्यंत घेतली नाही. त्यामुळे सुरत-कारवारच्या इंग्रजी पत्रांत हाच दिवस 14 नोव्हेंबर होतो. ही दोन्ही साधनं एकाच कालपटात ठेवताना दहा दिवसांचा फरक धरलाच पाहिजे, नाहीतर चंद्र पार भलतीकडे जातो. 24 नोव्हेंबर नव्या गणनेने धरला, तर अमावास्या येते 18 तारखेला. म्हणजे 24 ला सूर्योदयी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. होय, चंपाषष्ठी! (लगेच खंडोबाचा येळकोट जोडून गोष्ट रंगवू नका. तसा पुरावा कुठेही नाही.)

पुढचं गणित आपल्या कोकणातल्या कुणाही कोळ्याला पाठ आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. षष्ठीची पाऊणपट साडेचार. पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती, म्हणजे रात्री साडेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा. गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी त्याच्या सुमारे तासभर आधी फिरतं, पण नदीतून वर जुव्यापर्यंत पोचायला त्याला पुन्हा वेळ लागतो. दोन्ही फरक एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात.

हा नदीतला उशीर पाहायला मी खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, बांधावर जाऊन बसलो. बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून नदीत जातं, भरती लागली की नदीचंच पाणी झडप दाबून बंद करतं. माणसाने हातही लावायचा नसतो. झडपेच्या फटीतून येणारी धार आधी बारीक होते, मग नुसती ठिबकते, मग फळी चौकटीवर टेकते आणि पलीकडून बुडबुडे यायला लागतात. तीच पाणी फिरल्याची वेळ. मुरगावच्या भरतीच्या तक्त्यापेक्षा ती अर्धा-पाऊण तासाने मागे पडते. यापेक्षा स्वस्त आणि चोख उपकरण मला तरी माहीत नाही.

राहिलं घड्याळ. 1683 चे रात्रीचे दहा म्हणजे तिथल्या सूर्याचे दहा. आपल्या घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं पुढे. म्हणजे सव्वादहाच्या पुढे, ओहोटीचा शेवटचा टप्पा, आणि सहा-सात दिवसांचा चंद्र पश्चिमेला खाली उतरलेला. गाळातून पाय टाकण्यापुरता उजेड, आणि काम उरकेपर्यंत तोही मावळतीला. कागदातली वेळ आणि आकाश एकमेकांना साक्ष देतात. ही वेळ नंतर कुणी बसवलेली नाही, असं मी आता बेधडक म्हणेन.

एक गोष्ट मात्र खोडावी लागते. ‘नदी कोरडी पडली होती’ असं हल्ली बरेच जण लिहितात. षष्ठी-सप्तमीचं पाणी भांगाचं, उधाणाचं नव्हे. भांगाला भरती फार चढत नाही, तशी ओहोटीही फार उतरत नाही. उधाणाची ओहोटी हवी असती तर मराठ्यांना अमावास्येलाच यावं लागलं असतं. तेव्हा उतार, म्हणजे चालत पार होण्याजोगी जागा, सापडला असेल तो अरुंद फाट्यात, मार्सेल गावाच्या अंगाला. मुख्य पात्रात नाही.

दुसऱ्या दिवसाची घडी यावरून अशी बसते. पहाटे पाचच्या सुमाराला भरती, मग दुपारी साडेअकरा-बारापर्यंत पाणी उतरत गेलं. विजरई सकाळी सातला आला तेव्हा होड्या काठाला लागत होत्या. पळायची वेळ आली तेव्हा त्याच काठाला गाळ उघडा पडलेला असणार. आणि दुपारनंतर पुन्हा पाणी चढायला लागलं. संभाजीराजांनी घोडा पाण्यात घातला, भरतीने तो वाहवू लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी टाकून त्यांना वाचवलं, ही कथा इथे बसवायची तर ती दुपारी दीड-दोनच्या आधी बसत नाही. ती कथा चिटणीसांच्या बखरीतून येते. बखर लिहिणारे मल्हार रामराव हे खंडो बल्लाळांचेच वंशज, आणि लिहिली सव्वाशेएक वर्षांनी. तरी मी ती टाकून देणार नाही. ज्या राजाने 1681 मध्ये खंडोंचा बाप बाळाजी आवजी मारला, त्यालाच मुलाने पाण्यातून ओढून काढलं, असं घरची मंडळी उगाच रचतील असं मला वाटत नाही. फक्त ती ‘सकाळच्या लढाईत’ घालू नका.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मराठ्यांनी बेट धरून ठेवलं नाही, बारदेश आणि साष्टीकडे मोर्चा वळवला. विजरईने बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि गोवा त्याच्या हवाली केला. मग औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मुघल फौज रामघाटाने उतरली आणि राजांना मागे फिरावं लागलं. राजधानी मुरगावला हलवायचा घाट पोर्तुगीजांनी घातला तो या धसक्यानंतरच.

आता उरलंय ते उताराची जागा पक्की करणं. येत्या चंपाषष्ठीच्या रात्री मार्सेलकडच्या फाट्यावर खुणेच्या काठ्या रोवून नऊ ते बारा पाणी मोजायचं ठरवलंय. हल्लीचे बांध आणि पूल यांनी पात्र बदललं आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे घेता येणार नाहीत, पण वेळ नक्की कळेल. दिवसा यायचं असेल तर धावजीहून टोल्टोला फेरीबोट आहे. टेकडीवर जाताना पायात बूट आणि हातात काठी हवीच, आणि जुव्याची प्रसिद्ध भेंडी बाजारात दिसली तर माझ्यासाठीही किलोभर घ्या.